गादा : आपल्या किनाऱ्याला बिलगून राहणारा डॉल्फिन

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात सस्तन प्राण्यांचा पाठ चालू होता. मी फळ्यावर वटवाघूळ, देवमासा व डॉल्फिन अशी नावे लिहिली आणि डॉल्फिनचे गुणवर्णन सुरू केले. तो बुद्धिमान आहे, पिल्लांना दूध पाजतो, संरक्षित आहे, त्याला मारणे गुन्हा आहे, वगैरे. वर्गातील सर्वांनी वहीत लिहून घेतले. मागच्या बाकावर उरणकडचा एक मुलगा बसला होता. त्याचे वडील मासेमारी करीत. त्याने हात वर केला आणि विचारले, “सर, गादा आमचं जाळं फाडतो. मग जाळ्याचे पैसे कोण देणार?”

वर्ग हसला. मला मात्र उत्तर देता आले नाही. गादा म्हणजे कोण, हेही मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. समुद्रापासून इतक्या जवळ राहून विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाला आपल्या समुद्रातील प्राण्याचे नाव विद्यार्थ्याकडून कळावे, ही गोष्ट मनाला लागली. त्यानंतर जे वाचले, किनाऱ्यावरील माणसांकडून जे ऐकले व थोडेबहुत डोळ्यांनी पाहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहे. तो पाठ त्या दिवशी अर्धाच राहिला होता.

पाठ्यपुस्तकांतील चित्रांत डॉल्फिन बहुधा निळ्याशार खोल समुद्रात उंच उडी घेताना दाखवलेला असतो. कोकण किनाऱ्यावर नेहमी दिसणारा डॉल्फिन त्या चित्रासारखा नाही. त्याचे शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. इंग्रजीत त्याला ‘इंडियन ओशन हंपबॅक डॉल्फिन’ म्हणतात. प्लंबिया म्हणजे शिशाच्या रंगाचा. मलबार किनाऱ्यावरील नमुन्यावरून १८२९ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, म्हणजे शास्त्राशी त्याची ओळख भारताच्या याच पश्चिम किनाऱ्यावर झाली. त्याच्या पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा लांबट उंचवटा असतो व त्या उंचवट्यावर छोटासा पृष्ठपर बसवल्यासारखा दिसतो. ‘हंपबॅक’ हे नाव त्या वशिंडावरून आले. पूर्ण वाढलेला प्राणी अडीच मीटरांच्या आसपास लांब व दोनशे किलोंहून अधिक वजनाचा असू शकतो. कोकणातील मच्छीमार त्याला गादा म्हणतात.

बराच काळ शास्त्रज्ञ त्याची गणना चीनकडच्या गुलाबीसर डॉल्फिनांबरोबर एकाच जातीत करीत. शरीररचना व जनुके तपासून २०१४ साली या गटाच्या चार जाती मानण्यात आल्या. आपला गादा दक्षिण आफ्रिकेपासून अरबस्तान व भारताच्या किनाऱ्याने बंगालच्या उपसागरापर्यंत आढळणारी स्वतंत्र जात ठरला. ही केवळ नावांची उलथापालथ नव्हती. जात वेगळी ठरताच तिची संख्याही वेगळी मोजावी लागली, आणि ती किती थोडी आहे हे ध्यानात आले. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत ती आज ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे.

डॉल्फिनांच्या ज्या कुळाला ‘महासागरी डॉल्फिन’ म्हणतात, त्याच कुळातील हा प्राणी आहे. मात्र महासागराशी त्याचा संबंध बेताचाच. तो साधारणपणे पंचवीस मीटरांहून उथळ पाण्यात, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर राहतो. खाड्यांची मुखे, खडकाळ भूशिरे, नदीचे गढूळ पाणी समुद्रात मिसळते ती जागा, ही त्याची आवडती ठिकाणे. भूमी आणि खोल समुद्र यांच्यामधली एक अरुंद पट्टी, एवढेच त्याचे घर. आता नकाशा डोळ्यांसमोर आणावा. मासेमारी याच पट्टीत होते. बंदरे, जेट्ट्या व पूल याच पट्टीत उभे राहतात, आणि शहरांचे सांडपाणीही प्रथम याच पट्टीत येऊन पडते. गादा आपल्यापासून दूर जाऊ शकत नाही, कारण दूर जावे असे त्याचे ठिकाणच नाही.

आपल्या पनवेलच्या गाढी नदीचे पाणी पनवेल खाडीत, तेथून ठाणे खाडीच्या मुखाशी व पुढे मुंबई बंदरातून अरबी समुद्रात जाते. त्या बंदराच्या पाण्यात आणि पुढे अलिबाग, मुरूडपासून थेट मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत गादा आढळतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यालगत डॉल्फिन दिसल्याच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या. ‘डॉल्फिन परत आले’ असे लोक म्हणू लागले. वास्तविक ते कोठे गेलेच नव्हते. पाहणाऱ्यांना सवड मिळाली, एवढेच.

त्याच्या शरीराकडे थोडे बारकाईने पाहू. आपल्याकडे सर्रास ‘डॉल्फिन मासा’ म्हणतात. माशाची शेपटी उभी असते व ती डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची शेपटी आडवी असते व वर-खाली हलते, कारण त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी धावणारे प्राणी होते आणि धावताना पाठीचा कणा वर-खालीच वाकतो. त्याच्या शरीरात श्रोणीच्या हाडांचे अवशेष आजही आहेत. त्याला कल्ले नसतात. फुप्फुसे असतात व नाकपुडी डोक्याच्या माथ्यावर असते. दर काही मिनिटांनी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. आपला श्वास झोपेतही आपोआप चालतो. डॉल्फिनचा प्रत्येक श्वास मात्र जाणीवपूर्वक घेतलेला असतो. म्हणून झोपेत त्याच्या मेंदूचा अर्धा भाग विसावतो व अर्धा जागा राहतो.

खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी. त्याची खरी दृष्टी आवाजाची आहे. नाकाच्या पोकळीत तो अतिशय तीव्र ‘टिक-टिक’ ध्वनी निर्माण करतो. कपाळातील चरबीचा फुगीर अवयव भिंगाप्रमाणे तो ध्वनी पुढे एकवटतो. माशावर आदळून परतलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीतून कानापर्यंत पोचतो. माशाचा आकार, अंतर व हालचाल हे सारे त्याला यातून उमगते. बोय, तारली, ढोमा यांसारखे किनाऱ्यालगतचे मासे तो अशा रीतीने शोधतो. येथेच एक प्रश्न पडतो. इतकी सूक्ष्म श्रवणशक्ती असलेला प्राणी जाळ्यात अडकतो कसा? नायलॉनचा बारीक धागा पाण्यात अत्यंत क्षीण प्रतिध्वनी देतो आणि जाळ्यात अडकलेला मासा मात्र ठळक ‘ऐकू’ येतो. शिवाय भक्ष्यावर झेप घेताना सारे लक्ष भक्ष्याकडेच असते. ताट पुढे आले की ताटाखालचा पाट कोण पाहतो?

गादा एकटा क्वचितच असतो. आपल्याकडे बहुधा दहाच्या आतबाहेरचे गट दिसतात. ओमानच्या किनाऱ्यावर शंभराच्या आसपासचे समूहही नोंदलेले आहेत. मात्र हे गट आपल्या कुटुंबासारखे कायम बांधलेले नसतात. सकाळी एकत्र शिकार करणारे पाच जण दुपारी दोन व तीन असे विभागतात, संध्याकाळी दुसऱ्याच कोणाबरोबर दिसतात. वसतिगृहात राहिलेल्यांना हे चटकन समजेल. खोली एक, जेवणाची पंगत दुसरी, मैदानावरचा संघ तिसरा, तरी सारे एकमेकांना ओळखतात. अभ्यासक या प्राण्यांना ओळखतात ते पृष्ठपरावरून. त्यावरील खाचा, ओरखडे व पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. छायाचित्रे काढून, ती वर्षानुवर्षे ताडून कोण कोठे गेला, कोणाबरोबर दिसला, याची वही तयार होते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ‘कोकण सिटेशियन रिसर्च टीम’ या तरुण अभ्यासकांच्या गटाने असे काम केले. त्यांनी केवळ डॉल्फिन मोजले नाहीत. किनाऱ्यावरील मच्छीमारांकडे बसून त्यांचे म्हणणेही नोंदविले. मला त्या कामाचा हा भाग विशेष मोलाचा वाटतो.

या समाजजीवनातील सर्वांत घट्ट धागा आई व पिल्लू यांचा आहे. गर्भकाळ सुमारे वर्षभराचा. पिल्लू एकच, सुमारे एक मीटर लांबीचे. ते जन्मताच आईच्या बाजूला चिकटून पोहते. तिच्या शरीरामुळे पाण्यात जो ओढ निर्माण होतो, त्यावर ते अर्धेअधिक वाहून नेले जाते. आईचे दूध गायीच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक स्निग्ध असते. दूध सुटल्यावरही शिकार कशी करावी, कोणत्या खडकापाशी भरतीला बोय येते, होडीपासून किती अंतर राखावे, हे पिल्लू आईच्या सोबतीने शिकते. डॉल्फिनांच्या अनेक जातींत आई मेलेल्या पिल्लाला श्वासासाठी पुनःपुन्हा पृष्ठभागावर उचलताना, कधी कित्येक दिवस सोबत वाहताना आढळली आहे. तिच्या मनात काय चालले असेल हे शास्त्र सांगत नाही. मात्र ती त्या काळात नीट शिकार करीत नाही, हे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

आता थोडे गणित. मादी वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास प्रजननक्षम होते व साधारण तीन वर्षांतून एकदा पिल्लू देते. आयुष्य चाळीस वर्षांपर्यंत. म्हणजे सारे काही सुरळीत गेले तरी एका मादीच्या वाट्याला जन्मभरात आठ-दहा पिल्ले, आणि त्यांतील बरीच लहानपणीच मरतात. अन्न मुबलक व संकट कोणतेही नाही असे धरले, तरी अशा प्राण्यांची संख्या वर्षाला चार टक्क्यांच्या आसपासच वाढू शकते, असे जगभरातील तज्ज्ञ हिशेबासाठी गृहीत धरतात. शंभर गादा असलेल्या एखाद्या किनारी टापूत वर्षाकाठी जास्तीत जास्त चारांची भर. त्याच टापूत जाळ्यांत वर्षाला पाच अडकून मेले, तर संख्या घटू लागते. पाच हा आकडा कोणाला मोठा वाटणार नाही. किनाऱ्यावर शेकडो होड्या असतात. त्यांतील एकेका होडीच्या वाट्याला आयुष्यात एखादाच डॉल्फिन आला, तरी वर्षाची बेरीज पाचाच्या वर सहज जाते. एकाही मच्छीमाराने मुद्दाम काही केलेले नसते. तरीही प्राणी संपत जातो.

बांगडे किंवा तारल्या हजारोंनी अंडी घालतात, त्यामुळे त्यांची घट एखाद्या चांगल्या हंगामात भरून निघू शकते. गाद्याची घट तशी भरून निघत नाही. मेलेल्या एका प्रौढ मादीची जागा घ्यायला नवी मादी तयार होण्यास दहा वर्षे लागतात.

मृत्यूचे सर्वांत मोठे कारण जाळे हेच आहे, विशेषतः ज्याच्या आसांत माशाचे कल्ले अडकतात ते गिलनेट. ते पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. अडकलेला मासा काढायला गादा जातो, चोच किंवा पर धाग्यात गुंततो, सुटण्यासाठी तो गिरकी घेतो व आणखी आवळला जातो. श्वास संपतो. सुटला तर जाळ्याला मोठे भोक पाडून सुटतो. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी त्याच्याविषयी जे सांगितले होते ते शब्दशः खरे होते. सिंधुदुर्गातील मच्छीमारांनीही अभ्यासकांना तेच सांगितले आहे. मासळी घटत चालली असताना जाळ्यातला मासाही जावा आणि जाळेही फाटावे, हा लहान होडीवाल्याला बसणारा खरा फटका आहे. शहरात बसून त्याला भूतदया शिकविणे सोपे असते. मीही त्या दिवशी तेच केले होते.

कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला. पण कायद्याच्या धाकाने एक विचित्र गोष्ट घडते. जाळ्यात मेलेला डॉल्फिन आढळला की तो गुपचूप समुद्रात सोडून दिला जातो आणि नोंद होतच नाही. या अडचणीवर महाराष्ट्राने २०१८ च्या डिसेंबरात एक उपाय काढला. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडल्यास मच्छीमाराने जाळे कापून त्याला जिवंत सोडावे, छायाचित्र अथवा चित्रफीत काढावी, आणि मत्स्यव्यवसाय विभाग व वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी, अशी ती योजना. समुद्री कासवे व व्हेल शार्क यांसाठीही ती लागू आहे. जाळ्याचे पैसे कोण देणार, या प्रश्नाला निदान कागदावर एक उत्तर मिळाले. पूर्ण उत्तर म्हणता येणार नाही. मोठ्या जाळ्याची किंमत याहून अधिक असते, बुडालेल्या दिवसाची मजुरी त्यात धरलेली नाही, आणि हलत्या होडीत, अंधारात, एका हातात सुरी व दुसऱ्या हातात मोबाईल धरून कागदपत्रांसाठी पुरावा गोळा करणे किती अवघड आहे, हे ज्याने समुद्र पाहिला आहे त्याला सांगायला नको. तरीही दंडाऐवजी मदतीची भाषा बोलणारी ही वाट मला योग्य वाटते.

याला आता व्यापाराचीही बाजू आली आहे. सागरी सस्तन प्राण्यांचा बळी घेणाऱ्या मासेमारीतील माल आपल्या बाजारात घेणार नाही, असा नियम अमेरिकेने २०१६ साली केला. भारताच्या कोळंबीचा व मासळीचा तो मोठा गिऱ्हाईक आहे. त्यामुळे आपल्या समुद्रात असे प्राणी किती, जाळ्यांत किती मरतात, याची मोजणी करण्याची निकड देशाच्या पातळीवर निर्माण झाली. डॉल्फिनच्या प्रेमापोटी जे इतकी वर्षे झाले नाही, ते निर्यातीच्या चिंतेने सुरू झाले. असो.

जाळे हे दिसणारे कारण. न दिसणारी कारणे आपल्या अधिक जवळची आहेत. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, म्हणजे अटल सेतू, वाहतुकीस खुला झाला. यांनी या तालुक्यांचे जीवन बदलले. आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांच्या घरची चूल त्या बंदराच्या कामावर पेटते, हे विसरून लिहिणे अप्रामाणिक ठरेल. परंतु आवाजावर जगणाऱ्या प्राण्याच्या अंगणात जहाजांची अखंड घरघर सुरू राहणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. कारखान्याच्या भोंग्याखाली बसून आईने मुलाला हाक मारावी, तशी ती गत. मुले कशी गोंधळतील!

दुसरे कारण रसायनांचे. तळोजा औद्योगिक वसाहतीत ऑगस्ट २०१७ मध्ये निळ्या रंगाचे कुत्रे दिसले आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाची चर्चा देशभर झाली. कुत्र्यांचा रंग पावसाने धुऊन निघतो. काही रसायने मात्र धुऊन निघत नाहीत. डीडीटीसारखी कीटकनाशके व विद्युत उपकरणांत पूर्वी वापरली जाणारी पीसीबी नावाची तेले पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत साठतात. गाळातील किड्यांकडून लहान माशाकडे, लहानाकडून मोठ्याकडे, अशी ती वर चढत जातात व प्रत्येक पायरीवर अधिक दाट होतात. साखळीच्या शेवटी असलेल्या गाद्याच्या चरबीच्या थरात ती आयुष्यभर साठून राहतात. नराला त्यांतून सुटका नसते. मादीला असते, पण कशी? तिचे दूध त्याच चरबीतून बनते. वर्षानुवर्षे साठलेल्या विषाचा मोठा वाटा दुधावाटे तिच्या पहिल्या पिल्लाच्या पोटात जातो. त्यामुळे पहिलटकरणीच्या पिल्लाला सर्वाधिक धोका, असे अनेक डॉल्फिन-जातींच्या अभ्यासात आढळले आहे. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलींच्या बाकांवर एकदम शांतता पसरते, असा माझा अनुभव आहे.

पर्यटनाबद्दल थोडक्यात. दापोलीजवळ कर्दे-मुरूड, हर्णै, तसेच तारकर्ली-देवबाग येथे ‘डॉल्फिन दाखवतो’ म्हणून होड्या जातात. त्यातून स्थानिकांना चार पैसे मिळतात व डॉल्फिन जिवंत राहण्यात त्यांचाही लाभ राहतो, हे चांगलेच आहे. मात्र एका गटाला चार-पाच होड्यांनी घेरले, यंत्रे गरगर फिरवीत पाठलाग केला, की आई व पिल्लू वेगळे पडतात आणि शिकारीचा वेळ पळण्यात जातो. नावाड्याला “अजून जवळ घ्या” म्हणणारे आपणच असतो. यंत्र मंद ठेवून, बाजूने, अंतर राखून थांबले तर गादा पुष्कळदा आपणहून जवळून जातो. सहलीला जाणाऱ्या पालकांनी एवढे सांगून पाहावे.

गाद्याबरोबर आणखी एक शेजारी आपल्या पाण्यात आहे. त्याला कोकणात भुलगा म्हणतात. पाठीवर पर नसलेला, चोच नसलेला, गोल डोक्याचा हा लहान प्राणी इतका लाजाळू आहे की पाण्यावर काळसर पाठ दिसते न दिसते तोच नाहीशी होते. तोही पहिल्या अनुसूचीत आहे व जाळ्यांत तोही मरतो. किनाऱ्यावर मृत सापडलेला ‘लहान डॉल्फिन’ पुष्कळदा भुलगाच असतो.

उरण, अलिबाग, रेवदंडा या किनाऱ्यांवर फिरताना असा प्राणी दिसलाच, तर काय करावे हे माहीत असलेले बरे. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत लागला होता. तो वाचला नाही, पण त्या वेळी गावकऱ्यांनी तासन्‌तास खटपट केली होती. जिवंत डॉल्फिन वाळूत आढळल्यास त्याला शेपटीने किंवा परांनी ओढू नये, खांदा निखळतो. घाईने पुन्हा समुद्रात ढकलू नये. माथ्यावरची नाकपुडी झाकली जाणार नाही व तीत पाणी वा वाळू जाणार नाही, याची काळजी घेऊन अंगावर ओले कापड घालावे, सावली करावी, गर्दी व कुत्री दूर ठेवावीत, मोबाईलचा गोंगाट थांबवावा, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे. प्राणी मृत असला तरी कळवावे. मृत शरीरातूनच त्याचे वय, खाद्य, जाळ्याच्या खुणा व चरबीतील रसायने समजतात. छायाचित्र काढताना आपला चेहरा त्यात नसला तरी चालेल. पृष्ठपर पूर्ण बाजूने दिसेल असे एक, संपूर्ण शरीराचे एक, आणि मापासाठी शेजारी चप्पल किंवा छत्री ठेवून एक, असे तीन फोटो घ्यावेत व किनाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी.